मागितल्यापेक्षा एक डझन कमी

रशीदभाई, तुम्ही जाऊन आज पंचवीस दिवस झाले आणि तुम्ही पोचवलेला माल अजून विकला जातोय. काल वेळापुरात मी तो स्वतः बघितला. फळीवर कडक भाकरीचे तीन पुडे, शेजारी शेंगाचटणीच्या दोन बरण्या, लेबलं सरळ रस्त्याकडे. माणूस जातो आणि त्याने उतरवलेला माल मागे उभा असतो, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यात काय, माल आहे तो. पण काल मला तिथे दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ बसावं लागलं. ऊन लागलं, असं मी ड्रायव्हरला सांगितलं.

रडणं-बिडणं मला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चार माणसांत तर नाहीच. पण दर गुरुवारी सकाळी सात ते आठ हा तास अकरा वर्षं तुमचा होता. टेम्पो यायचा, खोकी चढायची, चहा व्हायचा आणि आपलं भांडण व्हायचं. तुम्ही गेल्यावरचे पहिले तीन गुरुवार मी त्या तासात शेडची झाडलोट केली. एकदा झाडलेलं परत झाडलं. शेवटी बायकाच म्हणाल्या, अक्का, आता फरशी झिजेल.

तुमच्याशी एक वाद अर्धा राहिलाय. तो तरी मिटवते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा अक्कलकोट रोडचं शेड नवं होतं. भाकरी थापणाऱ्या बायका चार होत्या. माल शहरातल्या तीन दुकानांत आणि ओळखीपाळखीच्या घरांत संपायचा, म्हणजे संपायचा नाहीच. म्हणून तर कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. बिस्किटं, साबण, अगरबत्त्या घेऊन तुम्ही दर गुरुवारी मंगळवेढ्यापासून वेळापूर, नातेपुत्यापर्यंत दुकानं करत जायचात. त्याला तुम्ही 'माझी लाइन' म्हणायचात, एखाद्याने 'माझं शेत' म्हणावं तसं. मी भाकऱ्यांची चळत तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही एक उचललीत, कानाशी धरलीत आणि मोडलीत.

"आवाज बरा हाय."

"खाऊन बघा की," मी म्हटलं.

"खाणारा खाईल, अक्का. मला ती टेम्पोत टिकतीय का ते बघायचंय."

वयाने तुम्ही पंधरा वर्षांनी मोठे, आणि पहिल्या मिनिटाला मला अक्का करून मोकळे झालात. माझे यजमान तेव्हा होते. ते हसून म्हणाले, हा माणूस माल नेईल की नाही माहीत नाही, पण नातं लावून गेला.

माल तुम्ही नेलात. आणि असा नेलात की मी बघत राहिले. कडक भाकरी आडवी रचली की खालच्या मोडतात, एवढं मलाही कळत होतं. तुम्ही पुडे खोक्यात उभे लावलेत, दोन खोक्यांच्या मधे चादरीची घडी, खाली एक चादर, वर एक. गिरणीतून निघालेल्या सेकंडच्या चादरी होत्या, एकीच्या मोराला मान नव्हती. "हे भाकरीचं अंथरूण," म्हणालात. रस्त्यातले सगळे गतिरोधक तुम्हाला तोंडपाठ. बाळंतिणीला घरी आणावं तसा तुम्ही टेम्पो त्यांच्यावरून न्यायचात. मी चेष्टा करायचे, "भाई, एवढं जपून कुणी सुनेला आणत नाही." तुम्ही म्हणायचात, "सून मोडत न्हाय, अक्का. भाकरी मोडती."

आता तो वाद. लोकांना सांगितला तर हसतील. पण आपण त्यावर अकरा वर्षं भांडलो.

दुकानदार चार डझन मागायचा आणि तुम्ही तीन द्यायचात. प्रत्येकाला मागितल्यापेक्षा एक डझन कमी. हे मला पहिल्या वर्षीच कळलं, कारण भरून नेलेल्यातली काही खोकी तुम्ही संध्याकाळी परत आणलीत.

"माल संपला नाही?"

"संपवला न्हाय."

"म्हणजे?"

"दुकानदार मागतो ते त्याच्या मनानं मागतो. गिऱ्हाइकाला कुटं विचारलंय त्यानं? बुधवारी फळी रिकामी पडली पायजे. बुधवारी येऊन माणूस रिकाम्या हातानं गेला, की गुरुवारी परत येतो. आणि दुकानदार माझ्या वाटंकडं बघत बसतो."

"आणि बुधवारी त्याने दुसऱ्याची घेतली तर?"

"घिऊ दे की. खाऊन परत येईल."

मला हे अजिबात पटायचं नाही. मागणी आहे, माल आहे, टेम्पो आहे, आणि मधे एक माणूस बसून ठरवणार की किती द्यायचं. मी म्हटलं, "भाई, मागतात तेवढं द्यायला तुमच्या खिशातलं काय जातं?" तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "महिनाभर फळीवर बसलेली चटणी खवट झाली, की बाई घरी जाऊन म्हणती, अक्काची चटणी खवट. दुकानदाराची म्हणत न्हाय. माझी म्हणत न्हाय. तुमची म्हणती." त्यावर मी दुसरंच काहीतरी भांडण काढलं. दर उन्हाळ्यात मात्र मी हा वाद नव्याने उकरायचे. नातेपुत्याला लग्नसराईत तुम्ही फारच हात आखडता घेता, असं माझं म्हणणं होतं. ते अजूनही आहे.

दुसरा वाद मंगळवेढ्याचा. तिथल्या ज्वारीची भाकरी आपण इथे बनवायची आणि परत तिथेच नेऊन विकायची, याला काही अर्थ आहे का? मी म्हटलं होतं, "ज्वारीच्या गावात भाकरी कोण विकत घेणार?" तुम्ही म्हणालात, "जिथं चूल पेटत न्हाय, तिथं."

"मंगळवेढ्यात चुली पेटत नाहीत?"

"गावात पेटतात. पण गावात सगळेच गावचे नसतात, अक्का."

आणि मग तुमचा रेडिओ सुरू झाला. मी त्याला रेडिओच म्हणायचे. स्टँडवर मुक्कामाला थांबणारे कंडक्टर. खोली घेऊन एकटा राहणारा बँकेतला क्लार्क, जो चटणी पाण्यात कालवून खातो. लातूरकडची एक सिस्टर, जिला दवाखान्यातून सुटेपर्यंत खाणावळ बंद झालेली असते. वेळापूरचे एक निवृत्त मास्तर, मुलं पुण्यात, भाकरी दुधात भिजवून खातात कारण दात नाहीत. मग कडक कशाला घेतात, तर मऊ भाकरी त्यांना कोण करून देणार. मी खोकी मोजत असायचे, तुम्ही बोलत असायचात. मला वाटायचं, तुम्ही वेळ घालवता. पण कुणाला चटणी तिखट झाली, कुणी पुडा उघडल्यावर वास घेतला, कुणाची बदली झाली, हे सगळं मला तुमच्यामुळे कळायचं. माझा माल सोलापूरच्या वेशीबाहेर कुणाच्या तोंडात जातो हे मी एकदाही बघितलेलं नव्हतं. तुम्ही जाताना भाकरी न्यायचात आणि येताना माणसं आणायचात. मी त्यातलं एकही नाव लिहून ठेवलं नाही. तुम्ही होतात ना.

दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही म्हणायचात, "अक्का, एकदा चला लाइनीवर." मी म्हणायचे, "मी फिरायला लागले तर भाकऱ्या कोण थापणार?" यजमान गेल्यावर तुम्ही हे जरा जास्त वेळा म्हणू लागलात. लेक तोवर पुण्याला गेली होती. एके गुरुवारी तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, "अक्का, तुमी सोता काय खाता?"

"तुकडा."

शेडमध्ये मोडलेल्या भाकऱ्या निघतातच. त्या पुड्यात घालता येत नाहीत. मी त्या डब्यात भरून घरी नेते आणि संध्याकाळी ओट्याशी उभ्या उभ्या चटणीबरोबर खाते. एकटीसाठी कुकर कोण लावणार.

"अख्खी भाकरी बनवणारी बाई तुकडा खाती," तुम्ही म्हणालात.

"मोडलेला माल कुणीतरी संपवायला हवा ना."

आता वाटतं, तुमच्या त्या रेडिओत मीही होते. वेळापुरात, नातेपुत्यात कुणाच्या तरी दुकानात बसून तुम्ही सांगत असणार, की सोलापुरात एक अक्का आहे, ओट्याशी उभी राहून जेवते.

एजन्सीवाला आला तो चांगला माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. सगळा जिल्हा आम्ही करू, दुकानदार मोबाइलवर ऑर्डर टाकेल, दुसऱ्या दिवशी माल पोचेल, तुम्हाला घरबसल्या दिसेल कुठे काय गेलं. "मॅडम, तुम्ही फक्त बनवा," म्हणाला. मला ते वाक्य फार आवडलं. तुमचा गुडघा जिना चढताना वाजत होता. टेम्पो दर महिन्याला गॅरेजला जात होता. माझ्याकडे आता चौदा बायका आहेत आणि त्यांना रोज काम लागतं, गुरुवारपुरतं नाही. मी हो म्हटलं. यात माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही.

चुकली ती सांगण्याची पद्धत. तुम्ही खोकी चढवत होतात. मी तुमच्याकडे पाठ करून पुडे मोजत होते, आणि मोजता मोजता म्हटलं, "भाई, पुढच्या महिन्यापासून माल एजन्सीला देतेय. सगळा जिल्हा. तुमचं बिस्किट-साबणाचं चालूच राहील ना." जणू आज चहात साखर कमी आहे. मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला ते पुन्हा नीट सांगावं लागलं असतं.

तुम्ही दोर आवळत होतात. दोराचा आवाज थांबला.

"बरं," म्हणालात.

अकरा वर्षांत तुम्ही माझ्या कुठल्या गोष्टीला एका शब्दात 'बरं' म्हणाला नव्हतात. मी वाट बघितली. दोराला गाठ मारून म्हणालात, "या टायमाला सगळ्यांना भरून देतो. मागतील तेवढं. अजून पाच-सहा खोकी काढा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अकरा वर्षं मी हेच मागत होते, आणि आज, जाता जाता, हे. मला वाटलं, तुम्ही मला धडा शिकवताय. दुकानं मालाने गच्च भरून ठेवायची, तो तिथे पडून राहणार, चटणी खवट होणार, आणि मग नवी एजन्सी काय, नवा राजा आला तरी माझा माल कुणी घेणार नाही. हे सगळं माझ्या मनात आलं. आणि मी विचारलं नाही. खोकी काढून दिली. ही गोष्ट तुम्हाला सांगायची होती, भाई. मी तुमच्याबद्दल असा विचार केला.

टेम्पो सुरू करून तुम्ही खिडकीतून म्हणालात, "पुढच्या गुरुवारी बोलू."

सोमवारी दुपारी फोन आला.

तुमच्या विजापूर वेशीतल्या घरी मी त्या दिवशी पहिल्यांदा आले. बायकांत जाऊन बसले. शमीमभाभींना मी कधी भेटले नव्हते, त्यांनी मात्र मला लगेच ओळखलं. निघताना त्यांनी आतून चार चादरींच्या घड्या आणून माझ्या हातात दिल्या. वरच्या घडीत मान नसलेला मोर होता. "ये तुमारे भाकरी का बिछाना. तुमीच ले जाओ, अक्का." रिक्षात मी त्या मांडीवर घेऊन बसले. चादरींना ज्वारीचा वास येत होता.

एजन्सीचं काम सुरू झालं. वाईट झालं असं नाही. सोलापुरात आणि बार्शीला माल रोज जातो, दुकानं वाढली. तिकडून भाकरीच्या तुकड्यांची दोन खोकी परत आली, त्यांच्या माणसाने पुडे आडवे रचले होते. सांगितल्यावर त्यांनी सुधारलं. पण त्यांनी दिलेल्या टॅबवर मंगळवेढा, वेळापूर, नातेपुते दिसेना. मी फोन केला. "मॅडम, त्या बाजूला ऑर्डर कमी आहे. गाडी परवडत नाही. वेळापूर, नातेपुते पुढे बघू." बरं, आणि मंगळवेढा? तो हसला. म्हणाला, "मॅडम, ज्वारीच्या गावात भाकरी कोण विकत घेणार?"

माझंच वाक्य. शब्द न शब्द. मी फोन ठेवला आणि हाताचं पीठ न धुता तशीच उभी राहिले. तुम्ही असतात तर आठवडाभर मला चिडवलं असतंत.

म्हणून काल भाड्याचा टेम्पो केला. खोक्यांत पुडे उभे लावले, मधे तुमच्या चादरी घातल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसून तुमच्या लाइनीवर गेले. पत्ते माझ्याकडे नव्हते. पण मला सगळं माहीत होतं. मंगळवेढ्याला स्टँडसमोर सुमनबाईंचं दुकान, बाहेर निळी टाकी. वेळापुरात रस्त्याला लागून बापूंचं किराणा, दारात तुटका वजनकाटा. कोण कुठे बसतं, कोण आधी चहा विचारतं, कोण चहा न विचारता तक्रार सांगतं. अकरा वर्षांचा रेडिओ फुकट गेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी विचारात घेतली नव्हती. तुम्ही गेलात हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? त्या गावांना आपल्याकडची बातमी तुम्हीच पोचवायचात.

सुमनबाई तुम्ही नक्कल करायचात तशाच बोलतात. मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तुमी अक्का न्हवं? भाकरीवाल्या?"

"हो."

"भाई कुटं हायत? दोघं येणार म्हणले हुते."

"कोण दोघं?"

"भाई आन् तुमी. मागच्या टायमाला म्हणले, टेम्पो कामाला काढतोय, आता तीन-चार आठवडं येणार न्हाय, मग अक्काला संगं घेऊन येतो. फोन बी बंद लागतोय त्यांचा. गाडी बिघडली काय पुना?"

मी काही तयारी केलेली नव्हती. म्हटलं, "भाई गेले." त्या म्हणाल्या, "कुटं?" मला ते पुन्हा, नीट, सगळे शब्द वापरून सांगावं लागलं. त्या काही वेळ बरणीचं झाकण फिरवत बसल्या. मग आत जाऊन त्यांनी पाणी आणलं.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतली एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र. भाकरीचा पुडा आणि चटणी मागितली. सुमनबाई म्हणाल्या, "सिस्टर, या बाई बनवतात ही." सिस्टरने माझ्याकडे बघितलं. लातूरकडची, असणारच. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल.

"लसूण थोडा कमी घाला ना काकू. ड्युटीवर वास येतो."

दोन वर्षं तुम्ही हा निरोप आणत होतात आणि दोन वर्षं मी म्हणत होते, सिस्टरला सांगा ही सोलापूरची चटणी आहे. काल मी म्हटलं, "बघते." तुम्ही ऐकायला हवं होतंत.

पंढरपूर ओलांडून वेळापूरला पोचेपर्यंत ही बातमी मी चार दुकानांत सांगितली होती. दर ठिकाणी माल उतरवायच्या आधी ती उतरवावी लागत होती. एकाने शटरला टेकून डोळे पुसले. बापूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या वारी?"

"सोमवारी. इथून गेल्यानंतरच्या."

"त्या टायमालाच मला शंका आल्ती," ते म्हणाले. "चार डझन मागितलं आन् चार डझन दिलं. मी म्हणलो, काय भाई, तब्येत बरी हाय न्हवं?"

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणले, अक्का नवी गाडी लावतीया. नव्या गाडीला रस्ता शिकस्तवर महिना जातोय. तवर हितं फळी मोकळी पडली, तर दुसरा कुणीतरी येऊन बसंल, मग अक्काला जागा मिळायची न्हाय. म्हणले, सगळा माल आत ठेवा, फळीवर तीन-चार पुडेच दिसू द्या. दिसाला दोनच इका. आन् ही फळी अक्काची हाय, कुणाला द्यायची न्हाय." मग त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "आता एकच पुडा ऱ्हायलाय आत. फळीवर तीन. बरोबर टायमाला आला तुमी."

पायरीवर मी बसले ती तेव्हा.

ज्या दिवशी मी तुमच्याकडे पाठ करून तुम्हाला नको म्हटलं, त्या दिवशी तुम्ही लाइनीवरच्या अकराही दुकानांत जाऊन माझी जागा राखून आलात. आणि कुणासाठी, तर तुमच्या जागी येणाऱ्यासाठी. त्याची गाडी इथवर येणार नाही हेही तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून तर माझं नाव सांगितलंत. पुढच्या गुरुवारी तुम्ही काय बोलणार होतात ते मला आता माहीत आहे. नेहमीचंच बोलणार होतात. अक्का, एकदा चला लाइनीवर. मी बहुतेक पुन्हा नाही म्हटलं असतं, आणि तुम्ही मला ऐकवलं असतंत की अकरा दुकानांत सांगून बसलोय, आता माझी अब्रू घालवू नका.

मी आले, भाई. दोघं नाही, एकटी आले. टेम्पोत ड्रायव्हर मोबाइलवर गाणी लावून होता आणि गतिरोधकावर गाडी आदळत होता. तिसऱ्यांदा आदळल्यावर मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, इथून पुढे प्रत्येकावर सावकाश. तो म्हणाला, "काय काचेचं सामान हाय का, मावशी?" मी म्हटलं, "हो, काचेचंच." त्या सीटवरून शेतं दिसतात, ऊस, केळी, मधेच कोरडं रान, आणि बोलायला शेजारी कुणी असेल तर तो रस्ता लांब वाटणार नाही. तुम्ही इतकी वर्षं एकटे जायचात. मला वाटायचं तुम्हाला बडबडीची सवय आहे. आठवडाभराचं बोलणं तुम्ही त्या रस्त्यावर साठवत असणार.

बापूंना विचारलं, "किती देऊ?"

"चार डझन."

मी तीन उतरवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले आणि माझ्याकडे बघितलं.

"भाईंच्यावर गेलाव की."

"बुधवारी फळी रिकामी दिसली पाहिजे," मी म्हटलं. माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. नातेपुत्याला मात्र त्यांनी मागितलं तेवढं दिलं. तिथलं तुमचं चुकत होतं.

एजन्सीला मी सोडलेलं नाही. शहर आणि बार्शी ते बघतील. तुमची बाजू दर गुरुवारी मी करणार. शेडवर बायका आहेत, एक दिवस त्या माझ्यावाचून भाकऱ्या थापू शकतात. हे गेल्या अकरा वर्षांत मला का सुचलं नाही, कोण जाणे. भाभींना सांगून आलेय की चादरी वापरात आहेत.

वेळापुरातून निघताना बापूंकडच्या आतल्या खोलीतला तो शेवटचा पुडा मी मागून घेतला. जुना माल परत घ्यायचा, हा तुमचाच नियम. ते म्हणाले, खराब न्हाय तो. मी म्हटलं, माहीत आहे. घरी आले तेव्हा संध्याकाळ होती, दिवे लागत होते. तुकड्यांचा डबा ओट्यावर होता. मी तो उघडला नाही. ताट घेतलं, पाट टाकला, बसले. तुमचा पुडा फोडला. चार आठवडे, एक टेम्पो, अख्खा रस्ता, बापूंची आतली खोली आणि काल तो सगळा रस्ता परत, आणि आतली एकही भाकरी मोडलेली नव्हती.

वरची उचलली, कानाशी धरली आणि मोडली.

आवाज बरा होता, भाई.